वयस्क कुत्र्याच्या लसिकाग्रंथी सुजल्यास कारण कसे शोधावे

वयस्क कुत्र्याच्या लसिकाग्रंथी, म्हणजे ज्यांना डॉक्टर लिम्फ नोड म्हणतात त्या, सुजल्या की घरच्यांच्या मनात पहिली भीती कर्करोगाची येते. ही भीती निराधार नाही, कारण लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कर्करोग मध्यम आणि उतार वयाच्या कुत्र्यांमध्ये वारंवार आढळतो. परंतु दाताच्या मुळाशी साठलेला पू, गोचिडांमुळे होणारे आजार, त्वचेचा जुनाट संसर्ग किंवा शरीरात दुसरीकडे असलेली कर्करोगाची गाठ, यांमुळेही याच ग्रंथी सुजतात. यांतले नेमके कारण कोणते, हे केवळ हाताने चाचपून अनुभवी पशुवैद्यालाही खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी तपासणीचा एक क्रम असतो आणि तो क्रम पाळणे फार महत्त्वाचे आहे, कारण चुकीचे औषध आधी दिले गेले तर पुढच्या तपासण्या निरुपयोगी ठरू शकतात. प्रथमच या प्रश्नाला सामोरे जाणाऱ्यांनी एवढे एक तरी मनाशी पक्के धरावे की ग्रंथीतून सुईने पेशींचा नमुना घेतला जाईपर्यंत स्टेरॉइड सुरू होता कामा नये.

हाताला लागते ती लसिकाग्रंथीच आहे का?

लसिकाग्रंथी शरीरभर असतात, मात्र त्यांतल्या बऱ्याचशा छातीत आणि पोटात खोलवर दडलेल्या असल्यामुळे बाहेरून चाचपता येतात त्या पाचच जोड्या. पहिली जोडी जबड्याच्या कोनाजवळ, खालच्या बाजूला असते. दुसरी खांद्याच्या पुढच्या कडेला, मान जिथे खांद्याला मिळते तिथे स्नायूंखाली असते. तिसरी काखेत, चौथी जांघेत आणि पाचवी मागच्या पायाच्या गुडघ्यामागे असते. निरोगी कुत्र्यातही जबड्याजवळच्या, खांद्यापुढच्या आणि गुडघ्यामागच्या ग्रंथी बहुधा हाताला लागतात, त्यामुळे ग्रंथी नुसती लागली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. काखेतल्या आणि जांघेतल्या ग्रंथी मात्र सहसा स्पष्ट जाणवत नाहीत. त्या ठळकपणे लागू लागल्या तर त्याची दखल घ्यावी.

चाचपताना कुत्रा उभा असावा आणि दोन्ही हात दोन्ही बाजूंना एकाच वेळी फिरवावेत, म्हणजे डाव्या-उजव्यातला फरक लगेच कळतो. शिकण्यासाठी सर्वांत सोपी जागा गुडघ्यामागची आहे. पायाच्या मागून अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत तो मांसल भाग हलकेच धरून खाली सरकवला की आतली ग्रंथी बोटांमधून निसटताना जाणवते. जबड्याखाली मात्र नवख्या माणसाची हमखास गफलत होते, कारण तिथे लसिकाग्रंथींच्या लगेच मागे लाळग्रंथी असते. ती आकाराने मोठी आणि काहीशी उंचसखल असते आणि निरोगी कुत्र्यातही ती सहज हाताला लागते. लसिकाग्रंथी तिच्या पुढे, तोंडाच्या दिशेला असतात, तुलनेने लहान आणि गुळगुळीत असतात आणि एका बाजूला दोन किंवा अधिक असू शकतात. याशिवाय वयस्क कुत्र्यांच्या कातडीखाली चरबीच्या निरुपद्रवी मऊ गाठी होतात, तर लठ्ठ कुत्र्यात गुडघ्यामागच्या ग्रंथीभोवती चरबी साठल्यामुळे ती आहे त्यापेक्षा मोठी भासते. शंका राहिली तर डॉक्टरांना ती जागा दाखवून विचारावे. गाठ वारंवार दाबून पाहण्याने तिथला भाग दुखावतो आणि माहितीत काही भर पडत नाही.

ग्रंथी मोठी आहे असे वाटले तर तिची लांबी मोजपट्टीने किंवा व्हर्नियर कॅलिपरने सेंटिमीटरमध्ये मोजून तारखेसह लिहून ठेवावी. आठवड्याभरात ती तेवढीच राहिली की दुप्पट झाली, ही माहिती डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते, आणि ‘थोडी वाढल्यासारखी वाटते’ या वर्णनाने ते काम होत नाही.

एकच ग्रंथी की सगळ्या?

कारणाचा माग काढताना पहिला उपयुक्त प्रश्न हाच आहे. प्रत्येक लसिकाग्रंथी शरीराच्या ठरावीक भागातून येणारा द्रव गाळते, त्यामुळे एकच ग्रंथी किंवा एकाच बाजूची ग्रंथी सुजली असेल तर तिच्या हद्दीत शोध घ्यावा लागतो. जबड्याजवळच्या ग्रंथींकडे तोंड, दात, ओठ आणि चेहरा यांचा निचरा होतो. खांद्यापुढच्या ग्रंथींकडे मानेचा आणि पुढच्या पायाचा, गुडघ्यामागच्या ग्रंथीकडे मागच्या पंजाचा आणि पायाच्या खालच्या भागाचा, काखेतल्या ग्रंथीकडे छातीच्या भिंतीचा व पुढच्या स्तनांचा, तर जांघेतल्या ग्रंथींकडे पोटाच्या खालच्या भागाचा व मागच्या स्तनांचा निचरा होतो. म्हणून एका गुडघ्यामागची ग्रंथी वाढली असेल तर त्या पायाची बोटे फाकवून प्रत्येक बोटामधली जागा, नखांची मुळे आणि तळव्याच्या गाद्या नीट पाहाव्यात. तिथे रुतलेले गवताचे कुसळ, चिघळलेली जखम किंवा नखाच्या मुळाशी वाढलेली गाठ सापडू शकते.

वयस्क कुत्र्यात जबड्याजवळच्या ग्रंथी थोड्याफार मोठ्या असणे फार सामान्य आहे, कारण या वयापर्यंत बहुतेकांच्या दातांवर कीटण आणि हिरड्यांना दाह असतोच. तरीही ‘दातांमुळेच असेल’ असे गृहीत धरून थांबू नये. तोंडातला मेलानोमा हा कर्करोग याच ग्रंथींमध्ये पसरतो आणि तो जिभेखाली किंवा मागच्या दाढांजवळ असेल तर सहज दिसत नाही. त्वचेवरचा मास्ट पेशींचा ट्यूमर आणि स्तनांचा कर्करोग हेही जवळच्या ग्रंथींत पसरतात. अशा वेळी ग्रंथीचा आकार फसवा ठरू शकतो, कारण हाताला सामान्य लागणाऱ्या ग्रंथीतही कर्करोगाच्या पेशी पोहोचलेल्या असू शकतात. म्हणूनच एखादी गाठ कर्करोगाची आहे हे कळले की तिच्या निचऱ्याची ग्रंथी मोठी नसली तरी तपासली जाते.

शरीराच्या अनेक भागांतल्या ग्रंथी एकाच वेळी वाढल्या असतील तर विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो. वयस्क कुत्र्यात लिम्फोमाची शंका इथे सर्वांत आधी घ्यावी लागते, कारण कुत्र्यांच्या लिम्फोमापैकी सुमारे 80 टक्के याच सर्वदूर ग्रंथी वाढवणाऱ्या प्रकारचा असतो. या ग्रंथी बहुधा टणक असतात आणि दुखत नाहीत. सुरुवातीला कुत्रा नेहमीसारखा खातो, खेळतो, आणि म्हणूनच घरचे लोक काही आठवडे वाट पाहत राहतात. बॉक्सर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, बुलमॅस्टिफ यांसारख्या जातींत हा आजार अधिक आढळतो, परंतु कोणत्याही जातीच्या किंवा मिश्र जातीच्या कुत्र्याला तो होऊ शकतो. दुसरीकडे, तपकिरी गोचिडांमार्फत पसरणारा एर्लिकिया हा जिवाणू, वाळूमाशीमार्फत पसरणारा लेशमॅनिया हा परजीवी, हिस्टोप्लाझ्मासारख्या बुरशी, अंगभर पसरलेला त्वचारोग आणि प्रतिकारशक्तीच स्वतःच्या शरीरावर उलटते असे काही आजार, यांतही ग्रंथी सर्वत्र वाढतात. ताप, ग्रंथीला ऊब आणि वेदना असतील तर संसर्गाकडे कल झुकतो, पण हा केवळ कल आहे. त्यावर निदान उभे करता येत नाही.

किती घाई करावी?

अनेक ग्रंथी मोठ्या झाल्या असतील तर कुत्रा कितीही आनंदी दिसो, काही दिवसांच्या आत डॉक्टरांची वेळ घ्यावी. वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमावर काहीच उपचार झाले नाहीत तर कुत्र्याचे उरलेले आयुष्य बहुधा चार ते सहा आठवडेच असते, म्हणजे वाट पाहण्यात गेलेले दोन आठवडे फार महाग पडतात.

पुढीलपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा: श्वास घेताना त्रास किंवा घोरल्यासारखा आवाज, चेहरा, मान किंवा पुढचे पाय अचानक सुजणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, नाकातून रक्त येणे किंवा पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके उठणे, डोळे लाल वा गढूळ होऊन दिसेनासे होणे, आणि खाणे सुटून उलट्या होणे. तहान आणि लघवी एकाएकी खूप वाढली असेल तर तेही तातडीचे समजावे, कारण काही लिम्फोमांमध्ये रक्तातले कॅल्शियम वाढते आणि त्याने मूत्रपिंडांना इजा होते.

डॉक्टरांकडे जाताना

गाठ प्रथम कधी लागली, तेव्हापासूनची मोजमापे, वजनातला फरक, भूक, तहान, अंगावर गोचीड आढळली होती का, कुत्रा दुसऱ्या प्रदेशात राहून आला आहे का, अलीकडे लस दिली होती का, आणि पूर्वी एखादी गाठ काढली असेल तर तिचा अहवाल, ही माहिती कागदावर लिहून न्यावी. त्याहून महत्त्वाची आहे ती औषधांची यादी. खाजेसाठी दिलेल्या गोळ्या, सांधेदुखीचे इंजेक्शन, कानातले थेंब, त्वचेवरचे मलम यांत स्टेरॉइड असू शकते आणि ते घरच्यांना ठाऊक नसते, म्हणून औषधांची पाकिटेच सोबत न्यावीत. अनेक वयस्क कुत्र्यांना संधिवातासाठी स्टेरॉइडविरहित वेदनाशामक रोज चालू असते. हे डॉक्टरांना न सांगितल्यास आणि पुढे स्टेरॉइड सुरू झाल्यास दोन्ही मिळून जठराला व्रण पाडू शकतात. माणसांसाठीची वेदनाशामके स्वतःहून देऊ नयेत, त्यांतली काही कुत्र्यांना विषासारखी बाधतात.

शारीरिक तपासणीत सर्व ग्रंथी चाचपणे, तोंड उघडून जिभेखाली पाहणे, कातडी आणि पंजे तपासणे, यकृत-प्लीहा वाढली आहे का ते पोटावरून पाहणे, एवढे व्हायलाच हवे. वयस्क कुत्र्यात गुदद्वारातून बोट घालून केलेली तपासणीही महत्त्वाची आहे, कारण गुदग्रंथींचा कर्करोग लहान असतानाच कमरेखालच्या आतल्या लसिकाग्रंथींत पसरतो, कॅल्शियमही वाढवतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ती राहून गेली असेल तर नम्रपणे आठवण करून देण्यात काहीही गैर नाही.

सुईचा नमुना

यानंतरची पायरी म्हणजे बारीक सुईने ग्रंथीतल्या पेशी घेऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. याला दवाखान्यात एफएनए किंवा एफएनएसी म्हणतात. लसीकरणाला वापरतात तशीच 22 ते 25 गेजची सुई यासाठी पुरते, भूल बहुधा लागत नाही आणि सारे काम काही मिनिटांत आटोपते. ‘गाठीला सुई लावली की कर्करोग पसरतो’ या भीतीपोटी अनेक जण नकार देतात. लसिकाग्रंथींच्या बाबतीत ही भीती बाळगण्याजोगी नाही, आणि नमुना न घेण्याने होणारे नुकसान निश्चित असते.

नमुना कोणत्या ग्रंथीतून घ्यावा याला महत्त्व आहे. अनेक ग्रंथी वाढलेल्या असतील तर जबड्याजवळची टाळून खांद्यापुढची किंवा गुडघ्यामागची निवडणे श्रेयस्कर असते, कारण जबड्याजवळच्या ग्रंथीत दातांमुळे आलेला दाह मिसळलेला असतो आणि चित्र धूसर होते. एकाऐवजी दोन निरनिराळ्या ग्रंथींतून नमुने घेतले तर उत्तम. सर्वांत मोठ्या ग्रंथीचा मधला भाग कधीकधी मृत झालेला असतो आणि तिथून काहीच कामाचे मिळत नाही. लसिकापेशी नाजूक असल्यामुळे सिरिंजने जोरात न ओढता केवळ सुई आतबाहेर करून नमुना घेणे अधिक चांगले, आणि काचपट्टीवर पसरतानाही दाब हलका ठेवावा लागतो. फुटलेल्या पेशींवरून निदान होत नाही. काचपट्ट्या हवेत वाळवतात आणि त्या फॉर्मेलिनच्या, म्हणजे ऊतींचे तुकडे टिकवण्याच्या द्रावणाच्या, बाटलीजवळ ठेवत नाहीत, कारण फॉर्मेलिनच्या वाफेनेही रंग नीट चढत नाही. बायोप्सीची, म्हणजे कापून काढलेल्या तुकड्याची, बाटली आणि काचपट्ट्या एकाच पिशवीतून प्रयोगशाळेत निघाल्या असतील तर त्या वेगळ्या करायला अवश्य सांगावे.

अहवालात साधारणपणे चार प्रकारची उत्तरे येतात. पहिले म्हणजे ‘रिअॅक्टिव्ह’, अर्थात ग्रंथी कुठल्यातरी उत्तेजनेला प्रतिसाद देत आहे. यात लहान लसिकापेशींचे प्राबल्य असते आणि सोबत मोठ्या पेशी व प्लाझ्मा पेशी मिसळलेल्या दिसतात. दुसरे म्हणजे दाह, ज्यात पूपेशी किंवा मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी) भरपूर असतात आणि क्वचित जंतू, बुरशी किंवा लेशमॅनियाचे परजीवी थेट दिसतात. तिसरे लिम्फोमा, ज्याच्या नेहमीच्या प्रकारात निम्म्याहून अधिक पेशी मोठ्या आकाराच्या, अपरिपक्व असतात. चौथे म्हणजे लसिकाग्रंथीत जिचे काही कामच नाही अशी पेशी तिथे सापडणे, म्हणजे दुसरीकडच्या कर्करोगाचा फैलाव.

कधीकधी अहवाल ‘अनिर्णित’ येतो. त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा लावू नये. लहान पेशींचा, संथ वाढणारा लिम्फोमा सुईच्या नमुन्यात निरोगी ग्रंथीसारखाच दिसू शकतो. तिथे ग्रंथी पूर्ण काढून केलेली बायोप्सी लागते, कारण त्यात ग्रंथीची अंतर्गत रचना पाहता येते.

स्टेरॉइड आधी का नको

प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड लसिकापेशींना मारते. लिम्फोमा असेल तर काही दिवसांत ग्रंथी आटतात, कुत्र्याची भूक वाढते आणि सगळ्यांना औषध लागू पडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात आजार तसाच असतो, मात्र आता सुईच्या नमुन्यात निदानयोग्य पेशी सापडत नाहीत. शिवाय वाचलेल्या कर्करोगपेशी औषधांना दाद न देणाऱ्या बनू शकतात आणि पुढे केमोथेरपी दिली तरी तिचा परिणाम कमी काळ टिकतो. कारण बुरशीचे किंवा अन्य संसर्गाचे असेल तर प्रतिकारशक्ती दबल्याने आजार उफाळतो. म्हणजे निदान काहीही निघो, आधी दिलेले स्टेरॉइड तोट्याचेच ठरते.

म्हणून ‘आधी इंजेक्शन देऊन पाहू, उतार पडला नाही तर तपासू’ असा सल्ला मिळाला तर ‘डॉक्टर, आज सुईचा नमुना घेऊन ठेवू या, मग औषध सुरू करू’ असे स्पष्ट म्हणावे. श्वासनलिका दबून जीव धोक्यात असेल तरी नमुना मिनिटाभरात घेऊन लगेच औषध देता येते. स्टेरॉइड आधीपासूनच चालू असेल तर ते मनाने एकदम बंद करू नये. दीर्घकाळ दिलेले स्टेरॉइड अचानक थांबवणे घातक असते, त्यामुळे मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी.

रक्ततपासणी आणि गोचिडांच्या आजाराचा गुंता

नमुन्यासोबत रक्तातील सर्व पेशींची मोजणी, रक्ताची काचपट्टी, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, कॅल्शियम आणि लघवी तपासली जाते. या तपासण्यांतून लिम्फोमाचे निदान होत नाही. रक्त पूर्णपणे ठीक असूनही लिम्फोमा असू शकतो, म्हणून ‘रक्ताचा अहवाल चांगला आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये.

गोचिडांचा उपद्रव असलेल्या भागात सर्वांत मोठी गल्लत एर्लिकियाच्या बाबतीत होते. त्यात प्लेटलेट कमी होतात, ग्लोब्युलिन हे प्रथिन वाढते आणि ग्रंथी व प्लीहा सुजतात. झटपट किटवरची चाचणी बहुधा प्रतिपिंडे शोधते, आणि ती पूर्वी कधीतरी होऊन गेलेल्या संसर्गानेही सकारात्मक येते. त्यामुळे किटवर रेघ उमटली म्हणून ग्रंथी त्यानेच सुजल्या असे सिद्ध होत नाही, कारण एकाच कुत्र्याला जुना एर्लिकिया आणि नवा लिम्फोमा दोन्ही असू शकतात. पीसीआर चाचणी जंतूचे प्रत्यक्ष अस्तित्व दाखवते. खरोखर एर्लिकिया असेल तर डॉक्सिसायक्लिन साधारण 28 दिवस दिले जाते. पहिल्या दोन आठवड्यांत ग्रंथी कमी झाल्याच नाहीत किंवा वाढल्या तर कोर्स पूर्ण होण्याची वाट न पाहता नमुना पुन्हा घ्यावा.

लिम्फोमा निघाल्यास

या टप्प्यावर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, पेशी बी प्रकारच्या आहेत की टी प्रकारच्या (हे लसिकापेशींचे दोन मुख्य प्रकार). हे पेशींवरच्या खुणा यंत्राने ओळखणाऱ्या फ्लो सायटोमेट्री या चाचणीने कळते, ज्यासाठी जिवंत पेशी द्रवात ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोहोचवाव्या लागतात, किंवा बायोप्सीवरील विशेष रंगांनी कळते. ‘पार’ नावाची जनुकीय चाचणी वाळलेल्या काचपट्टीवरूनही करता येते, पण तिच्यावर एकटीवर निदान सोडू नये, कारण एर्लिकियातही ती क्वचित फसवा सकारात्मक निकाल देते. दुसरी गोष्ट म्हणजे आजार कुठवर पसरला आहे. त्यासाठी छातीचे एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करतात. पायऱ्या एक ते पाच अशा मोजल्या जातात आणि बहुतेक कुत्री तिसऱ्या किंवा त्यापुढच्या पायरीवर असतानाच लक्षात येतात, त्यामुळे तो आकडा ऐकून खचू नये. कुत्र्याला बरे वाटते आहे की तो आजारी दिसतो आहे, याला पुढच्या अंदाजात अधिक वजन असते.

प्रकार कळणे का गरजेचे, हे आकड्यांतून स्पष्ट होते. मोठ्या पेशींच्या बी प्रकारात अनेक औषधांच्या एकत्रित केमोथेरपीने बहुसंख्य कुत्र्यांच्या ग्रंथी पूर्ववत होतात आणि सरासरी आयुष्य सुमारे वर्षभर मिळते. टी प्रकारात ते सहसा त्याहून कमी असते. केवळ प्रेडनिसोलोनवर साधारण एक ते दोन महिने मिळतात. याउलट टी-झोन नावाचा संथ प्रकार, जो वयस्क गोल्डन रिट्रीव्हरमध्ये विशेष आढळतो, त्यात कुत्री उपचारांशिवायही पुष्कळ काळ चांगली राहतात. अहवालात नुसते ‘लिम्फोमा’ वाचून निर्णय घेतला तर अशा कुत्र्याला नको ते उपचार, किंवा त्याहून वाईट म्हणजे अकाली निरोप, मिळू शकतो.

केमोथेरपी नको असे ठरवणेही योग्य निर्णय असू शकतो. कुत्र्यांमधील केमोथेरपीची मात्रा त्यांचे दिवस सुखाचे जावेत या हेतूने ठरवलेली असते आणि बहुतेकांना ती माणसांपेक्षा सौम्यपणे सोसते, परंतु वय, इतर आजार, दवाखान्याच्या फेऱ्या आणि खर्च यांचा विचार प्रत्येक घराने आपापला करायचा असतो. नमुना घेऊन झाल्यावर केवळ स्टेरॉइडवर कुत्र्याला आरामात ठेवणे हा त्यातलाच एक मार्ग आहे.

लिम्फोमा नसल्यास

‘रिअॅक्टिव्ह’ असा अहवाल आला तर उत्तेजना कशाची आहे हा प्रश्न उरतोच. दात खराब असतील तर भूल देऊन त्यांची सफाई, सडलेले दात काढणे आणि त्याच वेळी दातांचे एक्स-रे करून घ्यावेत. त्वचेचा संसर्ग असेल तर त्याचे मूळ शोधावे. उपचारानंतर दोन ते तीन आठवड्यांनी पूर्वीसारखेच मोजमाप घ्यावे. कारण सापडून त्यावर इलाज झाला असेल तर ग्रंथी लहान होताना दिसायला हवी. ती चार आठवड्यांनंतरही तेवढीच राहिली, मधल्या काळात वाढली, किंवा दुसऱ्या भागातली ग्रंथी नव्याने सुजली, तर पहिला अहवाल कितीही दिलासादायक असला तरी पुन्हा नमुना घ्यावा, आणि या वेळी ग्रंथी काढून बायोप्सी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे.